गाण्यातून समुपदेशन : जासईकराच्या खिशाला किती?

समुपदेशनात गाण्याचा वापर करणाऱ्याकडे शुल्काची चौकशी करताना पुष्कळ जण आधीच सांगून टाकतात, "पण मला गाता येत नाही हो." नसेना का. पैसे मोजायचे ते समुपदेशकाच्या तासाचे. ढोलकी, कीबोर्ड, स्टुडिओ असं काही पावतीवर वेगळं दिसलं, तर ते कशासाठी हे तिथेच विचारा.

मुंबई-नवी मुंबईत खासगी समुपदेशनाचं एक सत्र ढोबळमानाने ८०० ते २,५०० रुपयांना पडतं. वेळ ४५ ते ६० मिनिटं. १,५०० रुपये धरले तर आठ सत्रांचे १२,००० होतात. पंधरा दिवसांनी एकदा गेलात तर हे चार महिन्यांत विभागतं, महिन्याला ३,०००. आठही सत्रांचे पैसे आगाऊ भरू नका. दोन सत्रं करून पाहा, माणूस पटला तर पुढचं. ऐपतीप्रमाणे शुल्क घेणारे असतात, पण बहुधा विचारल्याशिवाय सांगत नाहीत. लाज सोडून विचारा. हळदीच्या बेंजोचा भाव करताना आपण कुठे लाजतो?

प्रवासाचं म्हणाल, तर जानेवारी २०२४ पासून उरणची लोकल धावते आहे, त्यामुळे बेलापूर-नेरूळ गाठायला तिकिटाचे पैसे किरकोळ लागतात. खरी झळ बसते ती खाड्याची. रोजंदारीवर असाल तर बुडालेला अर्धा दिवसही हिशेबात धरा. संध्याकाळची किंवा रविवारची वेळ मिळते का, हे शुल्काच्याही आधी विचारा.

ऑनलाइन सत्राने खाडा वाचतो, पण त्यात एक गोम आहे. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे दोघांना एकत्र गाता येत नाही, आळीपाळीनेच गावं लागतं. शिवाय व्हिडिओ कॉलची ॲपं ढोलकीला गोंगाट समजून दाबून टाकतात. सेटिंगमध्ये मूळ आवाज सुरू ठेवायची सोय असेल तर ती वापरा. आणि घरात कान फार असतात. पलीकडच्या खोलीत सासू बसली असेल तर मनातलं गाणं ओठांवर यायचं नाही. अशांनी लोकल पकडलेलीच बरी.

आता त्या तासात होतं काय? समजा, बंदराच्या गेटवर रात्र रात्र रांगेत उभा राहणारा एक ट्रेलरचालक आला आहे. झोप उडालेली, घरी चिडचिड. समुपदेशक त्याच्यापुढे कागद सरकवतो: 'गाडी उभी ____, डोकं मात्र ____.' तो बराच वेळ पेन फिरवत बसतो, मग लिहितो, 'गाडी उभी गेटवर, डोकं मात्र चालूच.' पुढचा अर्धा तास त्या 'चालूच'वर बोलण्यात जातो. कधी ओळखीच्या चालीवर स्वतःचे शब्द बसवायचे, कधी नुसतं ऐकून बोलायचं. सामान काय, तर एक वही आणि फोनमधला रेकॉर्डर. आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. जात्यावर बसून बायकांनी सासर-माहेरचं ओव्यांतून मोकळं केलंच होतं, आणि आगरी लग्नातली धवलारीण आजही धवले गाते. फरक एवढाच, की इथे समोर ऐकायला शिकलेला माणूस बसलेला असतो.

तो खरंच शिकलेला आहे का, हे पाहणं तुमचं काम. गाणं येणं ही पात्रता नव्हे. मानसशास्त्रातली किंवा समुपदेशनातली पदवी विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी विचारा. 'औषधं बंद करा, गाण्याने बरे व्हाल' असं कुणी म्हणाला तर उठून या. नैराश्यावरच्या नऊ अभ्यासांचा, ४२१ जणांचा कॉक्रेनचा २०१७ चा आढावा आहे. त्यात नेहमीच्या उपचारांना संगीताची जोड दिल्यावर थोड्या काळापुरता फायदा दिसला. नीट वाचा, जोड दिल्यावर.

एवढे पैसे नसतील तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही. आरोग्य विभागाच्या सरकारी रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. आपल्याला जिल्हा रुग्णालय अलिबागचं. तिथे ढोलकी नसेल, पण झोप महिनोन्महिने उडाली असेल किंवा जीव नकोसा झाला असेल तर आधी डॉक्टरच हवा. विम्यावर फार विसंबू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखंच विमा संरक्षण द्यायला सांगितलं आहे, पण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच पैसे देतात. बाह्यरुग्ण खर्चाचं कलम आहे का ते पाहा.

शेवटी रेकॉर्डिंग. तुम्ही लिहिलेले शब्द तुमचे. चाल समुपदेशकाने बांधली असेल तर ती कुणाची, ते पहिल्याच दिवशी कागदावर घ्या. फाइल कुणाच्या फोनमध्ये राहणार, कधी पुसणार, शिकवताना नमुना म्हणून वाजवणार का, हेही त्याच कागदावर. आणि ते गाणं गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायची हौस आली, तर दोन रात्री थांबा.