टाइप १ मधुमेही विद्यार्थी : शालेय ताण व सत्त्वबल

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की आपल्या चिकित्सालयांत व औषधी दुकानांत ‘स्मरणशक्तीसाठी काहीतरी द्या’ ही मागणी वाढते. त्यांत एखादा विद्यार्थी टाइप १ मधुमेहाचा असतो आणि त्याची अडचण स्मरणशक्तीची नसते.

सुश्रुताचार्यांनी प्रमेहाचे सहज व अपथ्यनिमित्तज असे दोन भेद वर्णिले आहेत. घरची मंडळी मात्र सर्वच मधुमेह दुसऱ्या भेदात ढकलतात. गोड खाल्ल्यामुळे आजार ओढवला, हा ठपका घेऊनच मूल शाळेत जाते. वस्तुतः येथे शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. यात मुलाचा वा मातेचा दोष नाही. हे दोघांनाही समोर बसवून सांगणे, ही सत्त्वावजय चिकित्सेची पहिली मात्रा समजावी.

शाळेतील खरा ताण अभ्यासापेक्षा लपविण्याचा असतो. मुलगी असल्यास विवाहाच्या चिंतेने पालकच मौन पाळतात. मग स्वच्छतागृहात घाईने इंजेक्शन घेणे, कधी ते टाळणे, वारंवार लघवीस गेल्याबद्दल बोलणी खाणे हे ओघानेच येते. ताणाने रक्तशर्करा वाढते व वाढलेल्या शर्करेने एकाग्रता ढळते.

घाम, कंप, धडधड, चिडचिड ही लक्षणे परीक्षेच्या भीतीत दिसतात, तशीच शर्करा घटल्यावरही दिसतात. म्हणून धीर देण्यापूर्वी ग्लुकोमीटर लावावा. शर्करा ७० मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असून मूल शुद्धीवर असल्यास सुमारे १५ ग्रॅम साखर पाण्यातून द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात काहीही घालू नये. तत्काळ रुग्णालयात न्यावे.

औषधी दुकानदारांनी सारस्वतारिष्ट देताना रुग्णाचा आजार अवश्य विचारावा. त्यात साखर, मध व स्वयंजनित मद्यांश असतो. च्यवनप्राशातही साखर विपुल असते. इन्सुलिन सोडविण्याचे आश्वासन तर कोणत्याही वैद्याने देऊ नये. ते बंद पडल्यास कीटोॲसिडोसिस होऊन प्राणावर बेतते.

चरकाचार्यांच्या सत्त्वपरीक्षेत मध्यमसत्त्व रुग्ण इतरांचे उदाहरण पाहून स्वतःला सावरतो किंवा इतरांच्या आधाराने सावरला जातो. बहुतेक मुले या कोटीतील असतात, असे मला वाटते. त्यांना उपदेशाचा उपयोग थोडा. हाच आजार घेऊन महाविद्यालयात शिकणाऱ्या एखाद्या रुग्णाशी, त्याच्या संमतीने, भेट घालून द्यावी. वर्गशिक्षक व एका जवळच्या मित्राला आजाराची माहिती देण्यास पालकांना राजी करावे. यास दोन-तीन बैठका लागतात.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये अशा परीक्षार्थींना साखरेच्या गोळ्या, फळे व पाणी परीक्षाकक्षात नेण्यास अनुमती दिली. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांच्या पालकांनीही वैद्यकीय प्रमाणपत्रासह मुख्याध्यापकांकडे वेळीच लेखी अर्ज करावा. परीक्षेच्या सकाळी केंद्रावर केलेली विनवणी मुलाचाच धीर खचविते.