आधी तिथी बघ

चि. ऋता,


तू फुगवायचा पॅडलबोर्ड घेतलास आणि डिसेंबरात देवबागला येऊन त्यावर उभी राहायला शिकणार, हे ताईकडून कळलं. ताईला तू पडशील याची धास्ती. मला ती नाही. बोर्डापासून बाजूला, अंग पसरून पाण्यात पडलं तर सहसा काही होत नाही. सूर तेवढा मारू नकोस. खाडीत वाळू कुठे वर आली आहे ते दिसत नाही. माझा घोर वेगळाच आहे: गेलेली पोर परत कशी येणार?

देवबागच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. सकाळी समुद्राकडे पाहशील तर काठाजवळचं पाणी अगदी शांत दिसेल आणि तुझे पाय शिवशिवतील. पण हिवाळ्यात त्या वेळी मतलई वारा असतो, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. काठावर माडांच्या आडोशानं तो कळत नाही. जरा बाहेर गेलं की पाठीत बसतो, आणि बोर्डावर उभा माणूस म्हणजे त्याला आयतं शीडच. म्हणून सुरुवात खाडीत.

खाडीलाही मुख आहे आणि ओहोटी तिकडेच ओढते. तेव्हा भरती पूर्ण व्हायच्या तासभर आधी उतर, मुखापासून लांब. हात थकले तरी पाणी तुला आतच नेईल. भरती उतरू लागायच्या आत काठावर ये. पूर्ण भरतीची वेळ कशी काढायची? किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. हा आकडा ढोबळ. तासभर इकडेतिकडे होतो, म्हणून आदल्या संध्याकाळी होडीवाल्यांना विचारायचं आणि त्यांचं ऐकायचं. अष्टमीनंतरचे हे दिवस भांगाचे, ओढही कमी. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणात नवशिक्यानं काठावर बसून चहा प्यावा.

लाइफ जॅकेट अंगात हवं, बोर्डाला बांधलेलं नको. बोर्डाची दोरी, ज्याला तुम्ही लीश म्हणता, ती इथे घोट्याला बांधू नकोस. खाडीत जाळ्यांचे खुंट आणि होड्यांचे दोर असतात. वाहत्या पाण्यात दोरी अडकली तर घोट्यापर्यंत हात पोचत नाही. कंबरेला बांधायची, एका झटक्यात सुटणारी घे. पुण्याकडे नदीवर सराव करायचा मोह झाला तर पावसाळ्यात नाही आणि बंधाऱ्याजवळ कधीच नाही. ३० ऑक्टोबर २०२१ ला वेल्समधल्या हॅवरफर्डवेस्टला पूर आलेल्या नदीत पॅडलबोर्ड घेऊन उतरलेल्या गटातली चार माणसं बंधाऱ्यावरच्या अपघातात दगावली.

उभं राहण्याचं फार सांगत नाही, ते अंगाला आपोआप कळतं. आधी गुडघ्यांवर, मधल्या मुठीच्या दोन बाजूंना. मग एकेक पाऊल, गुडघे सैल, नजर समोर. वल्ह्याचं पातं पुढे झुकलेलं हवं, बरेच जण उलटं धरतात. बोर्डात हवा लिहिलेल्या दाबाइतकी भर आणि तो उन्हात टाकून ठेवू नकोस.

पहिला दिवस मात्र मी सांगतो तसा घालव. छातीभर पाण्यात मुद्दाम पड आणि वर चढ. मूठ धरायची, पाय मारत अंग आडवं आणायचं, पोटावर सरकत वर यायचं. दम लागलेला असताना हे जमेपर्यंत लांब जायचं नाही. वारा वाढला तर गुडघ्यांवर ये, त्यानंही भागलं नाही तर पालथी पडून हातांनी पाणी मार. बोर्ड सोडून काठाकडे पोहत सुटायचं नाही, तुला कितीही चांगलं पोहता येत असलं तरी. शिट्टी गळ्यात, फोन पाण्यात न भिजणाऱ्या पिशवीत. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, आताच साठवून ठेव.

एकटी उतरू नकोस, मी होडी घेऊन शेजारी असेन. दशमीच्या रात्रीपर्यंत पोच.

तुझा,
मामा