रहाटपाळणा आणि रुळावरची गाडी : जत्रा व सहल यांपूर्वी घ्यावयाचा एक पाठ

सुगी आटोपून गावोगावच्या यात्रा-जत्रा सुरू झाल्या म्हणजे मुलांचे चित्त वर्गात ठरत नाही. मैदानावर मालमोटार येऊन थांबते, लोखंडी खांब व आरे उतरविले जातात, आणि एका रात्रीत रहाटपाळणा उभा राहतो. दुसऱ्या दिवशी शाळेत त्याशिवाय दुसरा विषय नसतो. अशा वेळी मुलांना दटावून पुस्तकाकडे वळविण्यापेक्षा तो पाळणाच वर्गात आणणे शहाणपणाचे होय. सामान्य विज्ञानातील गती, गुरुत्वाकर्षण, घर्षण व गंजणे हे चारही घटक त्या एका यंत्रात एकत्र सापडतात. शिवाय या विषयात मुलांच्या जीविताचा प्रश्न गुंतलेला असल्यामुळे तो केवळ कुतूहलाचा राहत नाही.

जी गोष्ट जत्रेची, तीच सहलीची. घाटावरून मुंबई पाहावयास निघालेली शाळेची गाडी शीव-पनवेल रस्त्याने ठाण्याची खाडी ओलांडून मानखुर्द येथे मुंबईत प्रवेश करते. आणि मानखुर्द, गोवंडी, चेंबूरकडील मुलांच्या सहली त्याच पुलावरून उलट दिशेने खोपोलीकडील करमणूक-उद्यानाला जातात. खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेल्या उद्यानात ‘नायट्रो’ नावाची रुळावरून धावणारी गाडी आहे. हिलाच लोक रोलर कोस्टर म्हणतात. तिची उंची सुमारे ४० मीटर, म्हणजे साधारण बारा-तेरा मजली इमारतीइतकी भरते. तिकीट काढून भीती विकत घेण्याचा हा प्रकार वडीलधाऱ्यांना विचित्र वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मुलाला ती भीती हवी असते, आणि सरसकट मनाई केल्यास ते न सांगता जाते. म्हणून मनाईपेक्षा जाण बरी.

पाठाचा आरंभ इतिहासाने केल्यास मुले लवकर रमतात. अमेरिकेतील शिकागो शहरी १८९३ साली भरलेल्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्याने सुमारे ८० मीटर उंचीचे चक्र उभारले. त्याला ३६ डबे होते व प्रत्येकात ६० माणसे बसत. एका वेळी २,१६० माणसे आकाशात फिरत, हा गुणाकार मुलांकडूनच करवून घ्यावा. त्यापूर्वी, १८८४ साली, न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथे उतारावरून घसरत जाणारी गाडी सुरू झाली होती. तिचा वेग ताशी अवघा दहा किलोमीटर होता. बैलगाडी जरा जोरात हाकली तर तिला गाठील! तरीही लोक रांगा लावून बसत.

या गाडीला इंजिन नसते, ही गोष्ट मुलांना प्रथम खरी वाटत नाही. साखळी तिला चढावर ओढून नेते आणि शिखरावर सोडून देते. पुढचे सारे काम पृथ्वीच्या ओढीचे. ४० मीटर उंचीवरून घर्षणाविना खाली आलेल्या वस्तूचा वेग सेकंदाला सुमारे २८ मीटर, म्हणजे ताशी १०० किलोमीटर होतो. वरच्या इयत्तांना हे गणित फळ्यावर करून दाखवावे. खालच्या इयत्तांना फळकुटाच्या उतारावरून गोटी सोडून उंची व वेग यांचा संबंध दाखविला तरी पुरे. पुढची प्रत्येक टेकडी पहिलीपेक्षा ठेंगणी का ठेवतात, याचे उत्तर मुले मग आपण होऊनच देतात.

गाडी उलटी झाली असता माणसे पडत का नाहीत, हा प्रश्न हमखास येतो. त्यासाठी तांब्याचा प्रयोग करावा. कडीच्या तांब्याला दोरी बांधून तो अर्धा भरावा व मैदानात उभ्या वर्तुळात फिरवावा. हातापासून तांब्यापर्यंतचे अंतर ८० सेंटिमीटर असल्यास एक फेरा सुमारे १.८ सेकंदांच्या आत पुरा झाला पाहिजे. त्याहून सावकाश फिरविल्यास वरच्या टोकाला पाणी डोक्यावर येते. हा प्रयोग शिक्षकाने स्वतः करावा, मुलांना दहा पावले मागे उभे करावे, आणि फिरविण्यापूर्वी दोरीची गाठ सर्वांसमक्ष ओढून पाहावी. ही गाठ पाहण्याची कृती प्रयोगाइतकीच महत्त्वाची आहे, कारण पाठाचा उत्तरार्ध तिच्यावरच आधारलेला आहे. कोनी आयलंड येथे १८९५ साली पूर्ण गोल वळसा असलेली गाडी आली, तेव्हा वळशात शिरताना बसणाराच्या मानेला इतका हिसका बसे की ती लोकांना नकोशी झाली. आजचे वळसे गोल नसून पाण्याच्या थेंबासारखे, वर अरुंद व खाली रुंद असतात, त्याचे कारण हेच.

गाडी रुळावरून उडू नये म्हणून तिला तीन प्रकारची चाके असतात : रुळावर, रुळाच्या बाजूला व रुळाच्या खाली. खालच्या चाकांची युक्ती जॉन मिलर या अमेरिकन कारागिराने १९१९ साली नोंदविली. आगगाडीला असे चाक नसते. ती केवळ आपल्या वजनाने रुळावर बसलेली असते.

येथवर सारे आनंदाचे झाले. मग अपघात का होतात?

गुजरातेत अहमदाबाद येथे कांकरिया तलावाकाठी १४ जुलै २०१९ रोजी, रविवारी संध्याकाळी, लंबकाप्रमाणे झोके घेणाऱ्या एका पाळण्याचा मुख्य दांडा मोडला. माणसांनी भरलेले चक्र खाली आदळले. दोघे मृत्युमुखी पडले व पंचवीसहून अधिक जखमी झाले. पंजाबात मोहाली येथील जत्रेत ४ सप्टेंबर २०२२ रोजी उंच मनोऱ्यावर चढलेला पाळणा बसलेल्या माणसांसह सुमारे ५० फुटांवरून कोसळला आणि बायका-मुले जखमी झाली. हे अपघात परमुलखातील नव्हेत. असेच पाळणे महाराष्ट्रातील जत्रांतही उभे राहतात.

लोखंड एकाएकी का मोडते हे समजण्यासाठी तारेचा तुकडा पुरेसा आहे. तार एकदा वाकविली तर मोडत नाही. तीच पुनःपुन्हा एकाच जागी वाकवीत राहावे. पंधरा-वीस वेळा काहीच घडत नाही आणि मग ती पटकन तुटते. तुटण्यापूर्वी हाताला फारशी सूचना मिळत नाही. दिवसाकाठी शेकडो झोके घेणाऱ्या दांड्याचे असेच होते. ‘काल तर चांगला चालला होता’ हे वाक्य म्हणून पुरावा ठरत नाही. तार तुटण्याच्या आदल्या वाकणापर्यंत तीही चांगलीच होती.

दुसरा शत्रू गंज. त्याचे उदाहरण मानखुर्दजवळच आहे. मानखुर्द व वाशी यांना जोडणारा खाडीवरचा पहिला पूल १९७३ साली रहदारीला खुला झाला. खाडीच्या खारट हवेत त्याच्या काँक्रीटमधील ताणलेल्या पोलादी तारांना आतून गंज चढला. वरून पाहणाराला पूल जसाच्या तसा दिसे. परंतु जड वाहतूक त्यावरून काढून घ्यावी लागली आणि शेजारी दुसरा पूल बांधून तो १९९७ साली सुरू करावा लागला. अमेरिकेत ओहायो राज्याच्या जत्रेत २६ जुलै २०१७ रोजी एक फिरता पाळणा चालू असतानाच तुटला व एका अठरा वर्षांच्या तरुणाचा बळी गेला. पाळणा बनविणाऱ्यांनीच पुढे सांगितले की आधाराची तुळई आतल्या बाजूने गंजली होती. त्या पाळण्याची तपासणी झालेली होती. डोळ्यांनी रंग दिसतो, रंगाखालचे लोखंड दिसत नाही. कोकणपट्टीतील शिक्षकांनी शाळेच्या खिडकीचा गज मुलांना दाखवून हा मुद्दा पटवावा.

तथापि लोखंडावर सारा दोष टाकणे न्याय्य नाही. लंडनमधील बॅटरसी उद्यानात ३० मे १९७२ रोजी चढावर ओढली जाणारी गाडी दोरापासून सुटून मागे घसरली. मागे घसरणे थोपविण्यासाठी असलेल्या रोधकाने काम दिले नाही आणि पाच मुले दगावली. इंग्लंडातच आल्टन टॉवर्स येथे २ जून २०१५ रोजी संगणकाने गाडी योग्य वेळी थांबविली होती. पुढे रुळावर रिकामी गाडी उभी होती, म्हणूनच. कर्मचाऱ्यांना यंत्राची चूक झाली असे वाटले. त्यांनी अडसर काढून सोळा प्रवाशांची गाडी पुढे सोडली. दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. थांबलेले यंत्र काही सांगत असते. ते प्रथम ऐकावे, मग चालू करावे.

अमेरिकेतील ऑरलँडो येथील २४ मार्च २०२२ ची घटना शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी. उंचावरून सोडून दिल्या जाणाऱ्या पाळण्यात चौदा वर्षांचा एक धिप्पाड मुलगा बसला होता. त्याच्या आसनाची खूण करणारे यंत्र हाताने असे बदलून ठेवलेले होते की छातीवरची दांडी पुरती खाली न येताही ती बसल्याचा दिवा लागे. पाळणा वेगाने खाली येऊन थांबताना मुलगा निसटला. उंची व वजन यांचे नियम अपमानासाठी लिहिलेले नसतात. ती दांडी ठरावीक अंगलटीच्या माणसासाठी घडविलेली असते.

येथेच शिक्षकाचे खरे काम सुरू होते. फाटकाशी उंचीची पट्टी लावलेली असते आणि तेथे चाळीस सोबत्यांसमोर एका ठेंगण्या मुलाला बाजूला काढले जाते. मग ते मूल टाचा उंचावते, चपलेत काही घालते, किंवा थोरला भाऊ ‘होऊ द्या हो साहेब’ म्हणून गळ घालतो. हे टाळण्यासाठी सहलीच्या आठवडाभर आधी वर्गाच्या भिंतीवर १२० व १४० सेंटिमीटरच्या खुणा करून सर्वांची उंची मोजावी. उद्यानाचे नियम आधी मागवून कोणता पाळणा कोणासाठी, हे घरूनच ठरवून निघावे. ज्यांना मोठ्या गाडीत बसता येणार नाही अशांची एक तुकडी करून त्यांच्याबरोबर वर्गशिक्षकाने स्वतः राहावे. म्हणजे ती उरलेल्यांची तुकडी न वाटता गुरुजींची तुकडी वाटते. ज्याला भीती वाटते त्याला चिडवून बसविण्याची खोड मुलांत असते. तिला मुळीच वाव देऊ नये. दमा, फेफरे किंवा हृदयाचा विकार असल्यास पालकांनी संमतीपत्रात तसे लिहावे, हे पालकसभेत सांगावे. सैल वेणी, ओढणी व गळ्यातील दोरा आवरून बांधावा. हरियाणातील पिंजोर येथे २०१८ साली छोट्या शर्यतीच्या गाडीच्या चाकात केस अडकून एका स्त्रीचा प्राण गेला.

गावच्या जत्रेत उंचीची पट्टी नसते, पण पाहण्यासारखे पुष्कळ असते. पाळण्याचे पाय ओल्या मातीत रुतले आहेत की पक्क्या फळ्यांवर आहेत, सांध्यांत खिट्ट्या आहेत की तारेने गुंडाळले आहे, पाळणा फिरताना सांगाडा डुलतो का, पाळणेवाला समोरासमोरचे पाळणे सारखे भरतो की एकाच बाजूला माणसे चढवितो, वारा सुटल्यावर फेरा थांबवितो की नाही, एवढे इयत्ता चौथीचे मूलही ओळखू शकते. पाळणेवाल्याशी उर्मटपणे बोलू नये. बहुधा तोच सर्वांत जाणता असतो आणि मुलांनी विचारल्यास हौसेने सांगतो. सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाना देण्याची तरतूद महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ मध्ये आहे, आणि करमणुकीच्या पाळण्यांच्या सुरक्षिततेविषयी भारतीय मानक ब्यूरोने आय. एस. १५४७५ ही संहिता केली आहे. यास्तव जत्रा भरण्यापूर्वी ग्रामपंचायतीने पाळण्याचा परवाना व तपासणीचा दाखला पाहिला किंवा नाही, अशी विचारणा शिक्षकाने सरपंचांकडे करणे अधिकाराबाहेरचे नाही.

पाठानंतर मुलांकडून पुढील लेखन करवून घ्यावे : जत्रेतील पाळण्याची आकृती काढून त्यातील सांधे मोजावेत, गज, नांगराचा फाळ व सायकलची साखळी यांपैकी कोणते आधी गंजते व का, ते लिहावे, आणि आपला धाकटा भाऊ पाळण्यात बसण्यासाठी रडू लागला, पण पाळण्याची एक खिट्टी निखळलेली आपल्याला दिसली, तर प्रथम कोणाला व कोणत्या शब्दांत सांगाल, ते पाच ओळींत लिहावे.