झाकलेले रिव्हॉल्व्हर आणि दारावरची पाटी

प्रश्न : मी कवठे महांकाळ भागातला द्राक्ष बागायतदार. बेदाण्याच्या सौद्यासाठी तासगाव-सांगलीला सारखे जाणे-येणे असते, परतायला रात्र होते, म्हणून रीतसर परवाना काढून .32 बोरचे रिव्हॉल्व्हर घेतले आहे. परवा पुतणीच्या लग्नाचे दागिने बघायला आम्ही सगळे एका सराफाकडे गेलो. काचेच्या दारावर 'शस्त्र घेऊन आत येऊ नये' अशी पाटी होती. रिव्हॉल्व्हर कमरेला होते, वरून शर्ट. कोणाच्या लक्षात आले नाही आणि मीही गप्प बसलो. घरी आल्यावर मात्र ते मनाला लागून राहिले. टेक्सासला असलेला भाचा फोनवर म्हणाला, "मामा, इथं असं केलं तर दंड होतो." आपल्याकडे कायदा काय म्हणतो? सरकारने परवाना दिला असताना दुकानदार मला अडवू शकतो का?

उत्तर : अडवू शकतो. पत्रात तुम्ही काहीही लपवले नाही, म्हणून मीही आडपडदा न ठेवता सांगतो : त्या दिवशी तुमच्या हातून चूक झाली. कोणाला कळले नाही म्हणून ती लहान होत नाही.

आधी परवान्याकडे बघू. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली मिळणारा परवाना म्हणजे शस्त्र बाळगण्याला सरकारची हरकत नाही, इतकेच. सांगलीला पोलीस आयुक्तालय नसल्याने तो जिल्हाधिकारी देतात. त्यांनी सरकारतर्फे संमती दिली, सराफातर्फे नव्हे. दुकान सराफाचे आहे. दार उघडे ठेवून तो गिऱ्हाइकाला आत बोलावतो, पण ते बोलावणे त्याच्या अटीवर असते. चपला बाहेर काढा, हेल्मेट काढा, पिशवी काउंटरवर ठेवा, हे आपण मुकाट्याने ऐकतोच. शस्त्राची अट त्याच जातीची, फक्त तिचे वजन जास्त.

आता 'झाकून' या शब्दाकडे येतो, कारण घोटाळा तिथेच झाला आहे. 2016 च्या शस्त्र नियमांत 32 वा नियम आहे. सार्वजनिक जागी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचे तर ते त्यासाठीच केलेल्या म्यानात, अंगाला बांधलेले किंवा तशाच पिशवीत असले पाहिजे, पूर्ण झाकलेले असले पाहिजे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर पुरता ताबा असला पाहिजे. बाहेर काढून दाखवणे, रोखणे याला सक्त मनाई. म्हणजे अमेरिकेतल्या पुष्कळ राज्यांत उघडे बाळगणे आणि झाकून बाळगणे असे दोन निराळे प्रकार असतात, तसे आपल्याकडे नाही. आपल्याकडे झाकणे ही सक्ती आहे. एस.टी. स्टँडवर, बाजारात, पेट्रोलपंपावर बायाबापड्यांनी तुमच्या कमरेकडे बघून दचकू नये, यासाठी ती आहे. दुकानदाराची पाटी चुकवायची सोय म्हणून नाही. तुम्ही शर्टाखाली रिव्हॉल्व्हर ठेवलेत इथपर्यंत नियम पाळलात. पाटी वाचूनही तसेच आत गेलात, तेव्हा तेच झाकणे त्या सराफापासून लपवणे झाले.

पाटी ओलांडली एवढ्यावरून गुन्हा होतो का? नुसत्या पाटीमुळे गुन्हा ठरावा अशी तरतूद आपल्या शस्त्र कायद्यात नाही. भाचा सांगतो ते मात्र त्याच्या राज्यापुरते खरे आहे. टेक्सासात परवानाधारकासाठी 30.06 या कलमाची पाटी असते. मजकूर कायद्यानेच ठरवून दिलेला, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत, अक्षरे किमान एक इंच उंच, रंग उठून दिसणारा, जागा सर्वांना दिसेल अशी. ती पाटी असताना झाकलेले पिस्तूल घेऊन आत गेले तर दोनशे डॉलरपर्यंत दंड. तोंडी सांगूनही बाहेर पडला नाही तर प्रकरण तुरुंगापर्यंत जाते. अमेरिकेतल्याच काही राज्यांत पाटीला एवढे बळ नाही. तिथे मालकाने जा म्हटल्यावर थांबलात, तरच गुन्हा. हवाई राज्याने 2023 मध्ये उलटी बाजू धरली : मालकाने स्पष्ट 'चालेल' म्हटल्याशिवाय त्याच्या जागेत पिस्तूल न्यायचेच नाही. त्याला लगेच कोर्टात आव्हान मिळाले. त्या देशात बंदूक बाळगण्याचा हक्क राज्यघटनेत लिहिलेला आहे आणि तरीही दुकानदाराच्या उंबऱ्यापाशी तो हक्क थबकतो. आपल्याकडे तर शस्त्र बाळगणे हा हक्कच नाही, ती सवलत आहे.

आपल्याकडे प्रकरण बिघडते ते पुढच्या पायरीवर. समजा, वाकून पाटल्या बघताना शर्ट वर सरकला, राखणदाराने बघितले आणि मालक म्हणाला, "दादा, हे बाहेर ठेवून या." तुम्ही निघालात तर विषय संपला. "माझ्याकडे लायसन आहे, मी कशाला जाऊ" म्हणून ठाण मांडलेत, आवाज चढवलात, तर धमकावण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने दुसऱ्याच्या जागेत थांबल्याचा आरोप येऊ शकतो. भारतीय न्याय संहितेचे 329 वे कलम त्यासाठी आहे. त्याहून मोठा धोका परवान्याला. सार्वजनिक शांतता आणि सुरक्षिततेच्या कारणावरून परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार शस्त्र कायद्याच्या 17 व्या कलमाने दिला आहे आणि पोलिसांचा अहवाल त्याला पुरेसा आधार होतो. बीडमध्ये डिसेंबर 2024 मधल्या सरपंचाच्या खुनानंतर काय झाले ते आपण सर्वांनी वाचले. बाराशेच्या वर परवान्यांची छाननी लागली आणि कितीतरी रद्द झाले.

एक बारीक फरकही सांगून ठेवतो. परवाना दाखवा असे पोलीस म्हणू शकतात, शस्त्र कायद्याचे 19 वे कलम त्यांना तो अधिकार देते. दुकानाच्या राखणदाराला तो अधिकार नाही. पण आत सोडायचे की नाही, हे मालकाच्या वतीने तो ठरवू शकतो. तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालून काही हाती लागत नाही.

आता त्या पाटीमागचा माणूस बघा. 4 जून 2023, रविवारची दुपार. सांगलीत मिरज रस्त्यावरच्या रिलायन्स ज्वेल्समध्ये काही माणसे शिरली. पोलीस असल्याचे सांगून आत आली, पिस्तुले काढली, कर्मचाऱ्यांना बांधून घातले, गोळी झाडली आणि कोट्यवधींचे दागिने घेऊन गेली. तुमच्या घरापासून तासाभराच्या वाटेवरची ही गोष्ट. त्या दिवसानंतर या पट्ट्यातल्या लहानमोठ्या सराफाला दार उघडले की छातीत धस्स होत असेल, तर त्याला नावे कोण ठेवील? तुमच्या कमरेचा फुगवटा त्याला दिसला, तर तुम्ही पुतणीचे काका की आणखी कोणी, हे त्याने कशावरून ओळखायचे? परवान्याचे पुस्तक कपाळावर चिकटवलेले नसते. त्याने घाबरून बटण दाबले, राखणदाराने बारा बोर उचलली आणि तुम्ही गोंधळून कमरेकडे हात नेलात, तर पुढच्या तीन सेकंदांत काय होईल? मध्ये तुमची पुतणी उभी आहे. मला त्या तीन सेकंदांची भीती वाटते.

परवान्याचे शस्त्र म्हणजे बिनधोक शस्त्र, हा समज महाराष्ट्राने फार मोठी किंमत मोजून तपासला आहे. 22 एप्रिल 2006 रोजी सकाळी वरळीच्या राहत्या घरात भाजप नेते प्रमोद महाजनांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या सख्ख्या भावाच्या परवान्याच्या पिस्तुलातून. 2 फेब्रुवारी 2024 ला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, खुद्द अधिकाऱ्याच्या खोलीत गोळीबार झाला आणि तेव्हाचे आमदार गणपत गायकवाडांवर गुन्हा दाखल झाला. शस्त्र परवान्याचेच होते. या माणसांशी मी तुमची तुलना करत नाही. पण शब्दाला शब्द वाढलेल्या खोलीत शस्त्र हजर होते म्हणूनच ते वापरले गेले, एवढे त्यातून नक्की दिसते.

तुमच्या परवान्यावरच्या अटी पुन्हा एकदा शांतपणे वाचा. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक मेळावा, शाळा-कॉलेजचे आवार या ठिकाणी जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या खास परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. म्हणजे आरेवाडीला बिरोबाच्या यात्रेत रिव्हॉल्व्हर कमरेला लावून भंडारा उधळायला गेलात, तर तिथे पाटी असो वा नसो, अटीचा भंग झाला. त्याला शस्त्र कायद्याच्या 30 व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सणासुदीच्या, आंदोलनांच्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या 37 व्या कलमाखाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात, तेही बघत चला. आणि आपण सीमेवर राहतो. सोयरीक अथणीला, बाजार अथणीला. परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर कर्नाटकाची हद्द ओलांडताच तुमचे रिव्हॉल्व्हर बिनपरवान्याचे होते. परवान्यावरचा 'क्षेत्र' हा रकाना आजच उघडून बघा.

प्रश्न : (याच पत्रात पुढे) मग अशा वेळी रिव्हॉल्व्हर गाडीत ठेवून आत जावे का?

उत्तर : नको. डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेले रिव्हॉल्व्हर म्हणजे काच फोडणाऱ्याची चांदी. ते चोरीला गेले तर पहिला जाब तुम्हालाच विचारला जाईल. शिवाय आपले शस्त्र दुसऱ्याच्या हाती लागले की काय होते, ते 8 फेब्रुवारी 2024 ला दहिसरमध्ये दिसले. माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांवर झाडलेल्या गोळ्या, झाडणाऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याच्या पिस्तुलातल्या होत्या.

दागिने बघायला, दवाखान्यात, सिनेमाला, बँकेत जायचे असेल तर रिव्हॉल्व्हर घरच्या तिजोरीतच राहू द्या, काडतुसे वेगळ्या कप्प्यात. सौद्याहून परस्पर जावे लागलेच, तर सोबतच्या बाकीच्यांना आत पाठवा आणि तुम्ही बाहेर थांबा. नाहीतर मालकाला आधी फोन करा. "माझ्याकडे परवान्याचे शस्त्र आहे, येऊ का?" एवढे विचारायला दहा सेकंद लागतात. तो नको म्हणाला तर नको.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार आहेत. निवडणूक लागली की ठाण्यात शस्त्र जमा करायला रांगेत पहिले असतात. पोचपावती चार घड्या करून पाकिटात ठेवतात आणि महिना-दीड महिना विनाशस्त्र हिंडतात. मी एकदा विचारले, चुकल्याचुकल्यासारखं होत नाही का? म्हणाले, "उलट कंबर हलकी होते. दुकानात वाकून जिलेबी घेता येते." शस्त्राची जबाबदारी ज्याने वीस वर्षे वाहिली, त्यालाच ते खाली ठेवण्यातले सुख कळते.

त्या सराफाला जाऊन सांगावे का, असे तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. सांगा. दागिने अजून घ्यायचेच आहेत, पुढच्या वेळी रिकाम्या कमरेने जा आणि त्याच्या कानावर घाला की मागच्या वेळी पाटी वाचूनही मी शस्त्र घेऊन आत आलो होतो, ते चुकले. तो क्षणभर गडबडेल. नंतर बहुधा चहा मागवील.

प्रश्न : माझे किराणा आणि शेती औषधांचे दुकान आहे. मलाही अशी पाटी लावायची आहे. सरकारची परवानगी लागते का? मजकूर काय असावा? (आणखी एक वाचक, कवठे महांकाळ तालुका)

उत्तर : परवानगी लागत नाही. तुमचे दुकान, तुमची अट. मात्र गणवेशात कामावर आलेल्या पोलिसाला ती लागू करायला जाऊ नका.

पाटी आत गल्ल्यामागे लावू नका. तिथवर येईपर्यंत माणूस आत आलेला असतो. दाराबाहेर, डोळ्यांच्या उंचीला लावा. इंग्रजीतला 'नो वेपन्स' असा लाल गोल आपल्या बाजारात उपयोगाचा नाही. ठळक मराठीत लिहा आणि आपल्याकडे कन्नड बोलणारे गिऱ्हाईक पुष्कळ, तेव्हा खाली कन्नडमध्येही लिहून घ्या. 'परवाना असला तरी' हे तीन शब्द विसरू नका, सगळा वाद तिथेच मिटतो. म्हणजे असे : 'परवाना असला तरी शस्त्र घेऊन दुकानात येऊ नये. मालकाला बाहेर बोलवा, माल बाहेर आणून देऊ.' दुसरे वाक्य मी मुद्दाम घातले आहे. त्यामुळे गिऱ्हाईक परत जात नाही. कामावरच्या पोराला एवढेच शिकवा, की कोणाच्या कमरेला काही दिसले तर ओरडायचे नाही, हात लावायचा नाही, तुम्हाला हाक मारायची. आणि तुम्ही गल्ल्यावरून उठून दारापर्यंत जायचे.