डोंगरी सायकलवाटा : आखणी आणि जतन

जुन्नर परिसरातील डोंगरवाटांना दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेख आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण त्याची साक्ष देतात. २०२५ मध्ये शिवनेरीचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. येथील जुन्या गावांना जोडणाऱ्या पाऊलवाटा डोंगरी सायकलस्वारांसाठी खुल्या करावयाच्या असतील, तर आखणीत प्रथम पाण्याचा विचार व्हावयास हवा.

उतारावरून सरळ खाली येणारी वाट पावसाळ्यात ओहोळ बनते. माती वाहून जाते, दगड उघडे पडतात. मग सायकली बाजूच्या गवतातून जाऊ लागतात आणि धूप वाढते. म्हणून वाट डोंगराच्या अंगाने आडवी न्यावी. तिचा चढ सरासरी शंभर मीटरला दहा मीटरपेक्षा अधिक नसावा. दरीकडील कड किंचित उतरती ठेवल्यास पाणी वाटेवर न साचता बाहेर पडते.

नाणेघाटातील पायऱ्यांची वाट आणि लेण्यांचा परिसर पायी जाणाऱ्यांसाठीच राखावा. वनजमिनीतून वाट नेण्यापूर्वी वन विभागाची परवानगी घ्यावी. पावसाळ्यात वाट बंद ठेवावी. दुरुस्ती कोणी व कोणत्या निधीतून करावयाची, याचा निर्णय ग्रामसभेने वाट खुली करण्यापूर्वीच घेणे हिताचे ठरेल.