वैद्याचा दैनंदिन व्यवहार आणि सृष्टीरक्षण

प्रास्ताविक

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासला आहे. वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव विगुण झाले असता प्रकृती भिन्न असलेल्या माणसांनाही एकाच वेळी एकच व्याधी कसा होतो, याचे विवेचन तेथे येते. परीक्षेत या अध्यायावर हमखास प्रश्न असे, म्हणून तो पाठही होता. मात्र त्याच अध्यायाच्या आरंभी एक बारीक गोष्ट आहे, तिकडे आमचे लक्ष पुष्कळ वर्षे गेले नाही. गंगातीरी वनात फिरत असताना भगवान पुनर्वसू आत्रेय अग्निवेशाला सांगतात की, भूमी विरस होण्यापूर्वी औषधी गोळा करून ठेवा; कारण भूमी बिघडली की औषधींचे रस, वीर्य, विपाक आणि प्रभावही नाहीसे होतील.

म्हणजे आचार्यांना केवळ रोगाची चिंता नव्हती. रोग आला असता हाती औषध उरेल काय, ही चिंताही होती. पर्यावरणरक्षण हा विषय आज शाळेपासून ग्रामसभेपर्यंत सर्वत्र बोलला जातो. वैद्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, आणि चिकित्सालयात व औषधालयात रोज सहज करता येण्याजोगे काय आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आमचा एक अनुभव

काही वर्षांपूर्वी असृग्दराच्या रुग्णांमध्ये अशोकत्वचेचा अपेक्षित गुण येईनासा झाला. निदान पुन्हा तपासले, मात्रा वाढविली, अनुपान बदलले, पथ्याबद्दल रुग्णांना बोलही लावला. शेवटी साल परीक्षणासाठी पाठविली. ती अशोकाची नव्हतीच. रस्त्याच्या कडेला शोभेसाठी लावतात त्या आसुपालवाची होती. आमच्या नेहमीच्या व्यापाऱ्यास विचारले, तेव्हा त्याने शांतपणे सांगितले, ‘‘डॉक्टरसाहेब, खरा अशोक या भावात आता कोण देणार?’’

दोष एकट्या व्यापाऱ्याचा म्हणता येत नाही. आम्ही कित्येक महिने भाव विचारून माल घेत होतो, ओळख पटवून घेत नव्हतो. खोडाभोवती कडे काढून साल सोलली की झाड मरते. अशी झाडे मरत गेली, खरी साल दुर्मिळ झाली, तिची जागा दुसऱ्या सालीने घेतली आणि ती आमच्या हातून रुग्णाच्या पोटात गेली. वनात झालेली हानी अशा रीतीने आमच्या ओपीडीत पोहोचली. सृष्टीरक्षण हा आपल्या चिकित्सेच्या यशापयशाचा प्रश्न आहे, हे आम्हांस त्या दिवशी कळले.

१. व्यवस्थापत्र लिहिताना

आपला पहिला परिणाम वनावर होतो तो लेखणीतून. द्रव्य लिहिताना त्याचे उपयुक्तांग कोणते, याचा विचार करावा. फळ, फूल, पान घेतले तर झाड राहते. साल घेतली तर ते धोक्यात येते. मूळ घेतले तर बहुधा झाडच जाते.

दशमुळाचे उदाहरण घ्यावे. बृहत् पंचमुळातील बेल, टेटू, शिवण, पाडळ आणि ऐरण हे वृक्ष किंवा मोठी झुडपे आहेत. ती वाढावयास वर्षे लागतात. लघु पंचमुळातील सालवण, पिठवण, रिंगणी, डोरली आणि गोखरू या लहान वनस्पती असून शेतात लवकर तयार होतात. आम्हांस मुळे आणून देणारे सह्याद्रीच्या पायथ्याचे एक वृद्ध गृहस्थ सांगतात की, पूर्वी पाडळीची मुळे सकाळी जाऊन दुपारी घेऊन येता येत. आता दोन दिवस रान तुडवावे लागते. दशमूळ सोडावे, असे आमचे म्हणणे नाही. परंतु वातघ्न म्हणून प्रत्येक पत्रावर सवयीने दशमूळ लिहिण्यापूर्वी, येथे लघु पंचमूळ, एरंड, रास्ना वा केवळ स्नेहन-स्वेदन पुरेसे होईल काय, हा प्रश्न स्वतःस विचारावा.

दूरच्या द्रव्यांबाबतही हेच आहे. कोष्ठ आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘सायटिस’ कराराच्या पहिल्या परिशिष्टात, तर जटामांसी, कुटकी, सर्पगंधा आणि रक्तचंदन दुसऱ्या परिशिष्टात आहेत. कच्छ व राजस्थानातील गुग्गुळाचे झुडूप अतिसंकटग्रस्त मानले गेले आहे. अधिक निर्यासाच्या लोभाने खोल चिरा दिल्या की ते वाळून जाते. या द्रव्यांचे कल्प लिहिताना मात्रा व कालावधी नेमका असावा. ‘‘एक महिना घ्या, मग पाहू’’ असे लिहून दिलेल्या गोळ्यांपैकी अर्ध्या रुग्णाच्या कपाटात पडून राहिल्या, तर त्या झुडपाचा नाश व्यर्थच झाला.

२. प्रतिनिधी द्रव्ये : मर्यादेसह

द्रव्याच्या अभावी काय घ्यावे, याचा विचार भावप्रकाशात स्पष्ट आहे. अतिविषेच्या अभावी मुस्ता, मेदा-महामेदांच्या अभावी शतावरी, जीवक-ऋषभकांच्या अभावी विदारी, काकोली-क्षीरकाकोलींच्या अभावी अश्वगंधा, ऋद्धि-वृद्धींच्या अभावी वाराही. दुर्मिळता त्या काळीही होती आणि शास्त्राने ती नाकारली नाही.

मात्र हा अधिकार सैलपणे वापरू नये. मुळाऐवजी पान सोयीचे व स्वस्त, म्हणून अश्वगंधेची पाने उत्पादनांत येऊ लागली, तेव्हा आयुष मंत्रालयाला २०२१ साली पानांच्या वापराविरुद्ध सूचना काढावी लागली. ग्रंथोक्त वा फार्माकोपियात मान्य असा पर्याय असेल तरच तो घ्यावा आणि रुग्णास व नोंदवहीत तो स्पष्ट लिहावा. सांगून दिलेला प्रतिनिधी आणि न सांगता केलेली भेसळ यांत हाच भेद आहे.

३. खरेदी आणि साठा

औषधालय चालविणाऱ्या बंधुभगिनींनी कच्चा माल घेताना तीन गोष्टी विचाराव्यात : द्रव्य कोठले, कोणत्या ऋतूत काढलेले, लागवडीचे की रानातले. चरकांनी कल्पस्थानात शाखा व पाने वर्षा आणि वसंतात, मुळे ग्रीष्म वा शिशिरात, साल, कंद व क्षीर शरदात, तर सार हेमंतात घ्यावे, असे सांगितले आहे. यामागे वीर्याचा विचार आहे. पण त्याचबरोबर वनस्पतीस वर्षातील उरलेला काळ विसावा मिळतो, हेही ध्यानात घ्यावे.

संग्राहकाशी थेट संबंध ठेवता आला तर उत्तम. जुन्नर-आंबेगाव भागातील आदिवासी बांधव बाळहिरडा गोळा करतात, शहापूर तालुक्यातील कातकरी बांधव गुळवेल. गुळवेल जमिनीपासून हात-दीड हात राखून तोडली तर पुन्हा फुटते, आणि तिचे कांडे खोचले तरी जगते. हिरड्याचे फळ वेचले तर झाड शाबूत राहते. फांदीच तोडली तर पुढची फळे जातात. ‘‘असे काढलेले आणा, चार पैसे अधिक देऊ’’ हे वाक्य आपण उच्चारले, तर ते रानापर्यंत पोहोचते.

साठा बेताचा ठेवावा. शार्ङ्गधरांच्या मते चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते. शासकीय मुदत याहून अधिक असली तरी पावसाळ्यात घरी कुटलेल्या चूर्णाचे काय होते, हे आपण सारे जाणतो. वर्षाचे एकदम कुटून अर्धे फेकण्यापेक्षा भरड सुकी व हवाबंद ठेवून महिन्याचे चूर्ण करावे.

४. काढा आणि इंधन

शार्ङ्गधरोक्त पद्धतीने सोळापट पाणी घालून अष्टमांश उरवावयाचे, तर १०० ग्रॅम भरडीस १६०० मिली पाण्यातून १४०० मिली आटवावे लागते. ढोबळ हिशोबाने, घरगुती शेगडीवर यास सुमारे १३० ते १४० ग्रॅम गॅस जळतो. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये असे साधारण शंभर काढे होतात. औषधापेक्षा इंधन अधिक खर्ची पडते!

झाकण ठेवून इंधन वाचवा, हा नेहमीचा सल्ला येथे देता येत नाही. काढा उघड्या तोंडाच्या पात्रात करावा, असे शास्त्र आहे. मात्र दोन गोष्टी शक्य आहेत. पहिली, जेथे व्याधीबल, रुग्णबल व द्रव्य यांनुसार हिम वा फांट पुरेसा आहे, तेथे काढा लिहू नये. अंतर्दाहात धण्याचा हिम रात्री भिजत घातला की सकाळी तयार. त्यास शेगडीच लागत नाही. सुगंधी, मृदू द्रव्यांना फांटच योग्य. स्वरसापासून फांटापर्यंत कल्पना उत्तरोत्तर लघु आहेत, हे स्मरून निवड करावी. दुसरी, चिकित्सालयात एकाच काढ्याचे चार रुग्ण असतील तर एकत्र काढा करून द्यावा, आणि रुग्णांनी घरून स्टीलचे भांडे आणावे.

काढ्याचा चोथा कचऱ्यात जाऊ देऊ नये. आमच्या चिकित्सालयामागे दोन पिंपांत चोथा, वाळलेली पाने व थोडी माती यांचे थर घालतो. तयार झालेले खत कुंड्यांतील अडुळसा, तुळस, निर्गुंडी यांना पुरते. कुचला, वत्सनाभ अशा विषद्रव्यांचा चोथा मात्र खतात घालू नये.

५. पंचकर्म व रसकल्प यांतील सांडपाणी

अभ्यंगाचे तेल थेट मोरीत गेले की नाली तुंबते व पाण्यावर तवंग येतो. स्नानापूर्वी अंगावरील तेल कुळीथ वा हरभऱ्याच्या पिठाने उतरवावे, ते पीठ सुके गोळा करावे, आणि मोरीच्या तोंडाशी तेल अडविणारी लहान टाकी बांधावी. धारेचे तेल त्याच रुग्णासाठी तीन दिवसांपर्यंत वापरण्याची परंपरा आहे, तिचा उपयोग करावा. एकाचे तेल दुसऱ्यास कदापि वापरू नये.

रक्तमोक्षणाच्या सुया, रक्त लागलेला कापूस यांना २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम लागू आहेत. ‘‘आम्ही आयुर्वेदाचे’’ ही सबब तेथे चालत नाही. पारद, नाग इत्यादींच्या संस्कारांतील धुवण मोरीत वा मातीत सोडणे हा तर अपराधच होय. ते वेगळे साठवून अधिकृत यंत्रणेकडेच द्यावे.

६. पुडी, बाटली, पिशवी

महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. औषधांच्या वेष्टनास सवलत असली, तरी पुडीवर पुन्हा पिशवी देण्याचे कारण नाही. मात्र बचत म्हणून वर्तमानपत्राच्या कागदात चूर्ण बांधू नये; छपाईच्या शाईमुळे अन्न अशा कागदात देऊ नये, अशी सूचना अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली दिली आहे, मग औषध कसे द्यावे? कोरा कागद वापरावा. रुग्णास पुढील भेटीत आपली डबी व कापडी पिशवी आणावयास सांगावे. आमच्याकडे पहिल्या महिन्यात लोक हसले, तिसऱ्या महिन्यात बहुतेक आणू लागले.

७. रुग्णास द्यावयाचा उपदेश

वैद्याचा शब्द घरात मानला जातो. ऋतुचर्या सांगताना आपण नकळत सृष्टीरक्षणच सांगत असतो. हिवाळ्यात बाजरी, उन्हाळ्यात ज्वारी, गावच्या परिसरात त्या ऋतूत येणारी भाजी व फळ, भुकेपुरते ताटात वाढून घेणे, जवळचे अंतर पायी चालणे, माठातील पाणी. हे आहारविहार म्हणून सांगितले तर रुग्ण पाळतो. शक्य असेल तेथे पत्रावर एक रोप लिहावे. कासाच्या रुग्णास अडुळशाचे, जीर्णज्वरातून उठलेल्यास गुळवेलीचे. पुढच्या वेळी त्यास औषधासाठी आपल्याकडेही यावे लागणार नाही; ही हानी आपण आनंदाने सोसावी.

उपसंहार

जनपदोद्ध्वंसाचे मूळ आचार्यांनी अधर्मात आणि अधर्माचे मूळ प्रज्ञापराधात सांगितले आहे. जाणूनही चुकीचे करणे, हा तो अपराध. दशमुळाची पोती मोजताना झाडे न मोजणे, भाव विचारताना ओळख न विचारणे, हा आमचा प्रज्ञापराध होता. तो आम्ही येथे मोकळेपणाने मांडला आहे.

वर सांगितलेले सारे एकदम होणार नाही. प्रत्येक सभासदाने या तिमाहीत दोनच गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे. आपल्या औषधालयातील सर्वांत अधिक खपणाऱ्या पाच द्रव्यांची यादी करून प्रत्येकासमोर उपयुक्तांग व प्राप्तिस्थान लिहावे. जे रकाने रिकामे राहतील, तेथून चौकशीस आरंभ करावा. आणि येत्या पावसाळ्यात टेटू, पाडळ, शिवण यांपैकी एक तरी झाड, जागा मिळेल तेथे, लावावे. त्याची मुळे आपल्या उपयोगी पडणार नाहीत. पुढील पिढीतील वैद्य दशमूळ लिहील, तेव्हा ते त्याला खरे मिळावे, एवढ्यासाठीच ते लावावयाचे.