मिलिंद : प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि आपल्या घरांतील मुलांची नावे बदलू लागली. सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, नागसेन आणि मिलिंद ही नावे घरोघरी आली. बँकेत खाते उघडण्याचे अर्ज हाताळताना आम्हाला ही नावे वरचेवर भेटतात. परंतु एखाद्या तरुण मिलिंदला नावाचा अर्थ विचारला, तर तो बहुधा 'भुंगा' असे सांगतो, किंवा नुसताच हसतो.

भुंगा हा अर्थ चुकीचा नाही. संस्कृतात मिलिंद म्हणजे भ्रमर, आणि त्या अर्थानेही महाराष्ट्रात हे नाव ठेवले जाते. परंतु आपल्या घरांत हे नाव आले ते फुलातून नव्हे, तर इतिहासातून.

इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात वायव्य भारतात मिनँडर नावाचा ग्रीक वंशाचा राजा होऊन गेला. सागल ही त्याची राजधानी. आजच्या पाकिस्तानातील सियालकोट म्हणजेच हे सागल, असे सामान्यतः मानले जाते. त्याच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक लिपी व दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपी आढळते. काही नाण्यांवर आठ आऱ्यांचे चक्रही आहे. याच मिनँडरचे पालीत 'मिलिंद' झाले.

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात हा राजा आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. राजा विद्वान होता, वादात त्याच्यापुढे कोणी टिकत नसे. नागसेनांनी त्याला विचारले की, चर्चा पंडितांच्या रीतीने करणार की राजांच्या? पंडितांच्या वादात चूक दाखवली जाते, ती मान्यही केली जाते, पण कोणी रागावत नाही. राजे मात्र विरोध करणाऱ्याला शिक्षा देतात. मिलिंदाने पंडितांची रीत पत्करली. सिंहासनावरच्या माणसाने हे कबूल करणे ही लहान गोष्ट नव्हे.

संवादाचा पहिलाच विषय होता तो नावाचा! राजाने नाव विचारले. नागसेन उत्तरले, मला नागसेन म्हणतात खरे, पण ते केवळ हाक मारण्यासाठी ठेवलेले नाव आहे. त्यामागे कायमचा असा कोणी 'मी' सापडत नाही. राजाला हे पटेना. तेव्हा नागसेनांनी त्याच्या रथाचे उदाहरण घेतले. आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणाला. मग हे सर्व भाग एकत्र आले की त्याला 'रथ' हे नाव मिळते, हे त्याने स्वतःच सांगितले. माणसाचेही तसेच आहे, हे त्याला उमगले. अनात्मवादासारखा कठीण विषय असा रथाच्या चाकावरून समजावला गेला.

विद्यार्थी मित्रांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उत्तर नीट कळले नाही की हा राजा पुन्हा उपमा मागतो. दुसरी मागतो, तिसरी मागतो. समजले नाही, हे सांगताना त्याला कमीपणा वाटत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले, आणि परिसराला नागसेनवन. उत्तर देणाऱ्याचे नाव परिसराला आणि प्रश्न विचारणाऱ्याचे नाव महाविद्यालयाला! शिकायला येणारा प्रत्येक मुलगा मिलिंदच, असा अर्थ आम्ही त्यातून घेतो.

शेवटी मिलिंदाने पुत्राकडे राज्य सोपवून प्रव्रज्या घेतली, असे ग्रंथ सांगतो. ग्रीक लेखक प्लुटार्क मात्र तो छावणीत मरण पावल्याचे लिहितो. त्याच्या रक्षेसाठी नगरांत चढाओढ लागली आणि ती वाटून घेऊन त्यांनी स्मारके उभारली, असेही तो नोंदवतो. हे वाचून तथागतांच्या अस्थींच्या वाटणीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. अंताविषयी दोन्ही वृत्तांत जुळत नाहीत, पण राजाविषयीचा आदर दोन्हीकडे आहे.

आज आपण हौसेने मुलाचे नाव मिलिंद ठेवतो. तोच मुलगा चार प्रश्न विचारू लागला की, 'गप्प बस, मोठ्यांना उलट बोलू नये,' असे दटावतो. वर्गातही हात वर करणारा मुलगा आगाऊ ठरतो. मग नाव तेवढे मिलिंद राहते. घरात मिलिंद वाढवायचा असेल, तर आई-वडिलांनी आणि गुरुजनांनी थोडे नागसेन व्हावे लागेल. प्रश्न ऐकून घ्यावा, न रागावता उत्तर द्यावे, आणि मुलाला कळले नाही तर दुसरी उपमा शोधावी.